मंडळात सेलिब्रिटी बोलवायचा का? नटाच्या किमतीचा हिशोब मांडायची आमची पद्धत

दरवर्षी आषाढ संपत आला की आमच्या मंडळाच्या मीटिंगला एकच विषय तापतो, यंदा आरतीला कोणाला आणायचं. पोरं मोबाइल काढून फॉलोअर्सचे आकडे दाखवतात, कुणाला सिरीयलमधली सून पाहिजे असते, कुणाला रीलवाला, आणि कोपऱ्यात बसलेले तात्या दरवर्षी तेच बोलतात की ह्या नटनट्यांनी समाजाला दिलंय काय, त्या पैशात शाळेला पंखे येतील. मी गेली ७ वर्षं खजिनदार आहे, दोन्हीकडचं बोलणं मला पाठ झालंय आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे हिशोब अर्धाच मांडला जातो, पोरं नुसती जमेची बाजू वाचतात आणि तात्या नुसती खर्चाची. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक पद्धत बसवली, ती इथे लिहितोय. मंडळ असो, जत्रा कमिटी असो, शाळेचं गॅदरिंग असो किंवा घरात पोराशी ह्याच विषयावर वाद होत असो, सगळीकडे चालते.

पद्धत का बसवावी लागली तेपण सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही टीव्हीवरच्या एका नटाला बोलवलं होतं. वर्गणीतला जवळजवळ निम्मा पैसा मानधन, गाडी, हॉटेल आणि बाउन्सरमध्ये गेला. सातला येणार होता, साडेनऊला आला, १० मिनिटं थांबला, दोन डायलॉग बोलला आणि गेला. लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं बक्षीस वाटप त्याच्या हस्ते ठेवलेलं, ते राहूनच गेलं, पोरं आयांच्या मांडीवर झोपून गेली होती. दुसऱ्या दिवशी वही उघडून बसलो आणि जमेच्या बाजूला काय लिहायचं तेच सुचेना.

आधी एका माणसाची तीन पानं करा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण माणूस अख्खाच्या अख्खा तराजूत टाकतो, म्हणजे एकतर देव नाहीतर फालतू. तसं करू नका. वहीत एका नटाच्या नावाने तीन पानं काढा. पहिल्या पानावर त्याचं काम, म्हणजे स्टेजवर पडद्यावर तो जे करतो ते. दुसऱ्यावर त्याचं नाव, म्हणजे प्रसिद्धी मिळाल्यावर ती त्याने कशासाठी वापरू दिली. तिसऱ्यावर शिफारस, म्हणजे पैसे घेऊन तो आपल्याला काय विकतो.

ही तीन पानं वेगळी का ठेवायची ते एकाच उदाहरणात कळेल. अमिताभ बच्चन घ्या. काम काय आहे ते सांगायची गरज नाही. नावाच्या पानावर पोलिओच्या दोन थेंबांच्या जाहिराती येतात, ज्यात ते चक्क चिडून आईबापांना सांगायचे की पोरांना बूथवर घेऊन या, आणि त्या खेड्यापाड्यात पोचल्या. भारतातली पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधली, आणि मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आता तिसरं पान उघडा, तिथे एका पानमसाला ब्रँडची जाहिरात आहे, जी त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सोडली, पैसे परत केले आणि ही आडून केलेली, म्हणजे बंदी असलेल्या मालाच्या जागी त्याच ब्रँडची दुसरी वस्तू दाखवणारी जाहिरात ठरते हे आपल्याला माहीत नव्हतं असं सांगितलं. चेहरा तोच, आवाज तोच. एका पानावरची रक्कम दुसऱ्या पानावर वळती करायची नाही, एवढा नियम पाळला तरी मीटिंगमधली निम्मी भांडणं मिटतात.

कामाचं पान कसं भरायचं

इथे तात्यांसारख्या लोकांशी माझं पटत नाही, कारण त्यांच्या मते नटाने देणगी दिली, झाडं लावली तरच तो उपयोगाचा. मला हे मान्य नाही. सुतार चांगलं दार करतो तेव्हा आपण त्याला विचारतो का की बाबा समाजासाठी अजून काय करतोस? नटाने चांगलं काम केलं तर तेच त्याचं देणं आहे, बाकी सगळं वरचं.

पण मग चांगलं काम म्हणजे काय हे ठरवायला आम्ही एक प्रश्न ठेवलाय, ह्या माणसाचं काम बघून आपल्याला आपल्याच गावातलं काहीतरी नीट दिसायला लागलं का? निळू फुले बघा. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा माणूस, पडद्यावर मात्र असा सरपंच, असा पाटील उभा करायचा की बायाबापड्या त्याला खरंच घाबरायच्या. माझी आजी त्यांचा सिनेमा लागला की शिव्या द्यायची. पण त्या शिव्या कुणाला होत्या? गोड बोलून जमीन गिळणारा, गरिबाच्या घरात डोकावणारा माणूस गावोगाव होता, त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती, पडद्यासमोर होती. मला हे फार मोठं देणं वाटतं आणि त्याची पावती कुठल्याच ट्रस्टच्या अहवालात मिळणार नाही.

दुसरी गोष्ट ह्याच पानावर लिहायची ती म्हणजे त्या कामावर किती चुली पेटतात. एका नाटकाच्या मागे लाइटवाला, नेपथ्य लावणारे, कपडेपट, बसचा ड्रायव्हर, थिएटरवर वडे तळणारा असे सगळे असतात, तमाशाच्या फडात तर अख्खं गावच फिरतं. नारायणगावला हंगामात राहुट्या पडतात आणि गावोगावचे जत्रावाले तिथे येऊन सुपाऱ्या देतात. २०२० आणि २०२१ ला लॉकडाऊनमध्ये जत्रांचे हंगाम बुडाले तेव्हा त्या लोकांचे काय हाल झाले ते आमच्या भागात आम्ही डोळ्याने बघितलंय, ढोलकीवाला गवंड्याच्या हाताखाली जात होता. तेव्हा रीलवाला आणायचा की नाटक आणायचं असा प्रश्न आला तर हेपण मोजा, तुमचा पैसा एका खिशात जातोय की तीस घरांत.

नावाचं पान, इथे जास्त वेळ द्या

हे पान सगळ्यात फसवं, कारण फोटो सगळ्यांचेच निघतात. झाड लावताना फोटो, झाडू मारताना फोटो. आम्ही चार गोष्टी विचारतो आणि उत्तरं मिळाली नाहीत तर ते पान कोरं ठेवतो.

पहिली, नाव कोणत्या कामाला लावलं आणि पैसा कुठे पोचला. जुनं उदाहरण देतो. ८ जुलै १९२१, मुंबई. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोघं आपापल्या नाटक कंपनीचे मालक, दोघांचे चाहते एकमेकांशी भांडणारे, म्हणजे आजच्या भाषेत फॅनवॉर. ते दोघं स्वातंत्र्यलढ्यासाठीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले आणि मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, लोकांनी तेव्हाच्या मानाने भयंकर महाग तिकिटं काढली आणि पैसा फंडात गेला. नाव कशासाठी वापरलं आणि पैसा कुठे गेला, दोन्ही आज शंभर वर्षांनंतरसुद्धा एका वाक्यात सांगता येतं. तुमच्या सेलिब्रिटीचं असं एका वाक्यात सांगता येतंय का बघा.

दुसरी गोष्ट, त्या कामात त्याचं स्वतःचं काही घासलं गेलं का. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा ह्या लोकांनी लग्नाची बेडी नाटकाचे प्रयोग लावून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, ज्यातून समाजात पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळतं. विचार करा, ज्या कार्यकर्त्याचं नाव पेपरात येत नाही त्याच्या घरचा किराणा भरावा म्हणून एवढी मोठी नटमंडळी गावोगाव फिरली. आणि लागू तर त्याच्याही पुढे गेले, देवाला रिटायर करा असं उघड म्हणाले, आमच्या साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांबरोबर विवेकजागराचे वाद-संवाद करत महाराष्ट्रभर फिरले. त्यांचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, लोकांना आवडणार नाही हे माहीत असताना ते बोलले. ज्या कामाने फक्त टाळ्याच मिळतात त्याला मी ह्या पानावर कमी मार्क देतो. हे माझं मत आहे, मंडळातल्या काही जणांना ते कडक वाटतं.

तिसरी, खाली काम कोण करतंय. पोलिओचं वर सांगितलं, पण जाहिरातीने कुणाच्या तोंडात थेंब पडले नाहीत, एकेका राष्ट्रीय फेरीत २० लाखांच्या वर माणसं दारोदार फिरत होती, त्यात आमच्या अंगणवाडीच्या ताईपण होत्या. नावाने दार उघडलं, आत काम त्या ताईंनी केलं. असंच पाण्याचं. आमिर खान आणि किरण राव ह्यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ ला पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, घेतला तेव्हा तीनच तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव, आणि पहिला नंबर आला आमच्याच जिल्ह्यातल्या वेळू गावाचा. तिथे ४५ दिवस टिकाव-फावडं चालवलं ते गावकऱ्यांनी. आमिर खान नसता तर मुंबईला गेलेली पोरं सुट्टी टाकून गावाकडे खोदायला आली असती का? मला नाही वाटत. पण गावातल्या माणसांना आधी ट्रेनिंग दिलं नसतं तर नुसत्या आमिर खानने एक चर तरी खोदला गेला असता का, तर तेपण नाही. दोन्ही लागतं.

चौथी, तो परत आला का. पाण्याच्या कामावर अभ्यासकांनी टीका केली की पाणी अडवलं खरं पण उपशाचं काय, पिकं कोणती घेणार, आणि ती टीका बरोबरच होती असं मला वाटतं, आमच्याकडे पाणी दिसलं की ऊस लागतो. पण पानी फाउंडेशनची मंडळी तिथे थांबली नाहीत, २०२२ पासून फार्मर कप सुरू केला आणि गटशेतीकडे वळली. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे ह्यांचंही तसंच, २०१५ ला दुष्काळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना चेक देण्यापासून सुरुवात झाली, नाम फाउंडेशन उभं राहिलं आणि पुढे नाले-नद्यांचा गाळ काढण्याची कामं झाली. एका दिवसाचा कार्यक्रम आणि दहा वर्षांचं काम ह्यात फरक करता आला पाहिजे, त्यासाठी जास्त काही लागत नाही, संस्थेचं नाव घ्या आणि मागच्या तीन वर्षांत कुठल्या गावात काय केलं ते शोधा, शक्य असेल तर त्या गावात फोन लावा. आम्ही लावतो. सरपंच नाहीतर ग्रामसेवक खरं सांगतात.

शिफारसीचं पान पोरांसोबत भरा

हे पान मी मुद्दाम मंडळातल्या १५-१६ वर्षांच्या पोरांना भरायला देतो, कारण ही जाहिरात त्यांच्यासाठीच असते. आमच्या चौकातली दोन पोरं पुड्या खाऊन तोंड उघडेनाशी झालेली मी बघितली आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी टीव्हीवर इलायचीच्या नावाखाली तोच ब्रँड, तीच पुडी, तोच रंग. एप्रिल २०२२ ला अक्षय कुमारने अशाच जाहिरातीबद्दल जाहीर माफी मागितली आणि बाहेर पडला, लोकांनी झोडपलं म्हणूनच ना? म्हणजे आपल्या बोलण्याचा उपयोग होतो. उलट बाजूला बॅडमिंटनपटू पुलेला गोपीचंदने ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोल्ड्रिंकची जाहिरात नाकारली होती, सचिनने वडिलांना शब्द दिला म्हणून दारू-तंबाखूची जाहिरात कधी केली नाही. नट नसले तरी सेलिब्रिटीच आहेत, पोरांना ही उदाहरणं सांगा.

कायदा काय म्हणतो तेपण माहीत पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसव्या जाहिरातीत काम करणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि वर्षभर जाहिरात करायला बंदी घालू शकतं, पुढच्या वेळी तीन वर्षं. वस्तूबद्दल नीट चौकशी करून मगच जाहिरात केली असेल तर त्याला सूट आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं हे उत्तर आता पुरत नाही. रीलवाल्यांनाही जानेवारी २०२३ पासून नियम आलेत, पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, ज्या भाषेत जाहिरात त्याच भाषेत. फसवी जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. आम्ही पोरांकडून एक तक्रार करून घेतली, दाढी लवकर येण्याच्या तेलाची. पुढे काय झालं त्यापेक्षा त्या पोरांनी स्वतः अर्ज लिहिला हे मला महत्त्वाचं वाटलं.

आता बोलवायचंच ठरलं तर

तिन्ही पानं वाचून झाली आणि तरी मंडळ म्हणालं की बोलवू, तर बोलवा, त्यात पाप नाही, लोकांना आनंद होतो आणि आनंदाचीही किंमत असते. फक्त कागद नीट करा. किती वाजता येणार, किती वेळ थांबणार, काय करणार आणि उशीर झाला तर किती पैसे कापणार, हे सगळं लेखी करारात घ्या, अ‍ॅडव्हान्स कमी द्या, पैसे बँकेतून द्या आणि बिल घ्या, टीडीएस वगैरे काय कापायचं ते सीएला विचारा. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी लागते आणि हिशोब द्यावा लागतो, त्यामुळे मानधनाचा आकडा लपवता येणार नाही, लपवूही नका, बोर्डावर लावा. आम्ही लावला तेव्हा पहिल्यांदा लोकांनी स्वतःहून विचारलं की एवढे कशाला.

गर्दीचं मात्र हलक्यात घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या संध्या थिएटरला प्रीमियरच्या वेळी हिरो आला आणि चेंगराचेंगरीत एक बाई गेली, तिचा मुलगा जबर जखमी झाला. ते मोठं शहर, मोठं थिएटर. आपल्या गल्लीत एकच तोंड असतं, त्यातही एका बाजूला जनरेटर. पोलिसांना पाहुण्याचं नाव आणि वेळ आधी कळवा, बाहेर जायचा दुसरा रस्ता मोकळा ठेवा, लहान पोरं आणि म्हातारी माणसं स्टेजजवळ नकोत. जागा पुरत नसेल तर कार्यक्रम शाळेच्या मैदानावर न्या, तेही जमत नसेल तर रद्द करा, वाईट वाटलं तरी चालेल.

उलटं पान

हे मी सुरुवातीला ठेवलं नव्हतं, गेल्या वर्षी वाढवलं. आपण विचारतो की नटाने समाजाला काय दिलं, पण समाजाने नटाला काय दिलं हे कोण लिहिणार? तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर, राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली बाई, बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली, शेवटचे दिवस हलाखीत काढून २००२ ला गेली. आता तिच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार आहे. हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं, कारण ज्यांच्यावर फॉलोअर्सवाल्यांइतका पैसा कधी उधळला गेला नाही त्यांचंच काम आपल्या बापजाद्यांनी रात्ररात्र जागून बघितलंय.

तर ह्या पानाचं काम असं. तुमच्या गावात, शेजारच्या गावात म्हातारे कलावंत शोधा, सोंगाड्या, ढोलकीवाला, भारुड म्हणणारा, लावणीची बाई, शाहीर. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणारी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, महिना ५००० रुपये मिळतात, पण अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि ह्या लोकांकडे धड फोन नसतो, जुने पुरावे नसतात. तिथे मंडळाच्या पोरांचा मोबाइल कामाला लावा. कुठल्या जत्रेत कार्यक्रम केले त्याची जुनी हँडबिलं, फोटो, ग्रामपंचायतीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हे गोळा करायला दोन रविवार जातात. अटी मध्येमध्ये बदलतात म्हणून आधी पंचायत समितीत जाऊन विचारून घ्या.

गेल्या वर्षी आमच्या आरतीला शेजारच्या वाडीतले ७४ वर्षांचे ढोलकीवादक आले होते. वेळेच्या आधी २० मिनिटं आले, स्वच्छ धोतर नेसून. चित्रकलेची बक्षिसं त्यांनी वाटली, एकेका पोराचं चित्र हातात धरून बघत होते म्हणून तासभर लागला, मग अर्धा तास वाजवलं. गर्दी टीव्हीवाल्याच्या निम्मीच होती. तात्या पुढच्या रांगेत बसले होते, आणि मानधनाचं पाकीट मी द्यायला निघालो तर ते माझ्या हातातून घेऊन तात्यांनी स्वतः दिलं. त्या ढोलकीवाल्या आजोबांचा मानधन योजनेचा अर्ज आम्ही भरलाय, एक दाखला कमी पडत होता, तो ह्या आठवड्यात मिळेल.